पणजीचा आवाज कुठं अडला?

मुलांनो, गेल्या हिवाळ्यातली गोष्ट. शाळा सुटली होती, दप्तरं पाठीवर चढली होती, आणि चौथीतली एक मुलगी माझ्या टेबलापाशी घुटमळत उभी होती. (तिचं नाव सांगत नाही. "बाई, माझं नाव छापू नका, पोरं चिडवत्यात," असं तिनं बजावलंय.) तिच्या हातात आईचा मोबाइल होता.

"बाई, ह्यातलं टीव्हीवर लावता येतंय का?"

मोबाइलमध्ये तिची पणजी होती. जात्याचा खुंटा धरून दळत बसलेली आणि दळता दळता ओव्या म्हणणारी. दहा मिनिटांचं चित्रण. त्यानंतर थोड्याच दिवसांनी पणजी गेली. आता येत्या रविवारी तिचं वर्षश्राद्ध होतं, पाहुणे येणार होते. आजीला, म्हणजे पणजीच्या सुनेला, ते चित्रण बघायचं होतं. पण आजीला दिसतं कमी आणि ऐकू येतं त्याहून कमी. मोबाइलचा एवढासा आवाज तिच्या कानापर्यंत पोचत नाही. घरात जुना, पोटुशा पेटीसारखा टीव्ही आणि मुलीच्या आईबाबांच्या लग्नाची तबकडी बघायला घेतलेला डीव्हीडी प्लेअर. पेनड्राइव्ह लावायला भोक दोन्हीला नाही.

"करू की," मी म्हटलं. "उद्या देते."

झालं! हे 'उद्या' पुढं चार दिवस पुरलं.

पहिली अडचण कोऱ्या डीव्हीडीची. जेऊरच्या बाजारात डीव्हीडी मागितली, तर दुकानदार माझ्याकडं असं बघायला लागले, जणू मी कंदिलाची काच मागतेय. शेवटी एका दुकानात कपाटाच्या तळाशी धूळ खात पडलेल्या पाच मिळाल्या. पाचच. आणि या जातीच्या तबकडीवर एकदा लिहिलं की पुसता येत नाही. पाटीसारखं नाही, शाईच्या पेनानं वहीत लिहिल्यासारखं.

पहिली तबकडी मी अर्ध्या तासात वाया घालवली. मोबाइलमधली फाइल जशीच्या तशी तबकडीवर उतरवली आणि मुलीच्या घरी गेले. प्लेअरनं तबकडी आत घेतली, जरा गुरगुरला आणि परत बाहेर ढकलली. चूक माझीच होती. तबकडीवर फाइल ठेवणं वेगळं आणि 'डीव्हीडी व्हिडिओ' तयार करणं वेगळं. कणीक डब्यात भरून ठेवली म्हणजे पोळ्या होत नाहीत ना, तसं. डीव्हीडी व्हिडिओमध्ये चित्र आणि आवाज ठरलेल्या साच्यात घालून, ठरलेल्या नावांच्या फाइलींत, ठरलेल्या क्रमानं ठेवावे लागतात. या कामाला ऑथरिंग म्हणतात.

मग रात्री मी ऑथरिंगचं सॉफ्टवेअर उघडलं. त्याला चित्र कळलं, पण मोबाइलमधला आवाज कळेना. तो आवाज एएसी नावाच्या पद्धतीनं बांधलेला होता. मी विचार केला, सगळीकडं वाजतं ते एमपी थ्री. प्लेअरच्या खोक्यावरसुद्धा 'एमपी थ्री चालते' असं ठसठशीत छापलंय. म्हणून आवाजाची एमपी थ्री केली, चित्राला जोडली आणि दुसरी तबकडी लिहिली. घरच्या कॉम्प्युटरवर लावून बघितली. पणजी दिसतेय, ओव्याही ऐकू येतायत. शांतपणे झोपले.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर तबकडी टीव्हीवर लावली. आजी अगदी पडद्यापाशी सरकून बसली. चित्र आलं. पणजीचा हात फिरतोय, जातं फिरतंय, पांढरं पीठ पडतंय, ओठ हलतायत. आणि आवाज नाही. मुलीनं रिमोटवर आवाज वाढवला, टीव्हीच्या मागची लाल-पांढरी वायर काढून परत खोचली. काही नाही.

आजी बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "आत्याबाईंचं ओठ हालत्यात गं. आवाज कुठं अडला?"

मला काही बोलता येईना. आजी सून म्हणून या घरात आली तेव्हापासून जात्याच्या पलीकडच्या बाजूला बसायची. दोघी मिळून दळायच्या, दोघी मिळून गायच्या. तिला वाटलं, आपलेच कान गेले.

घरी येऊन मी तबकडी कॉम्प्युटरवर उघडून बघितली. आत दोन फोल्डर. एकाचं नाव व्हिडिओ टीएस, दुसऱ्याचं ऑडिओ टीएस. आणि ऑडिओ टीएस चक्क रिकामं! सापडला चोर, असं वाटलं ना? मलाही वाटलं. तासभर मी त्या रिकाम्या फोल्डरात आवाज भरायच्या मागं होते. पण बरं का, ते फोल्डर रिकामंच असतं. डीव्हीडी ऑडिओ नावाची एक निराळी, फक्त गाण्यांची तबकडी असते, तिच्यासाठी ती जागा. आपल्या डीव्हीडीत चित्र आणि आवाज दोन्ही व्हिडिओ टीएसमध्येच एकत्र विणलेले असतात. तुमच्या आईबाबांपैकी कुणी हे फोल्डर बघून घाबरलं असेल तर त्यांना सांगा.

मग खरा चोर कोण? इथं मला कुर्डुवाडी आठवलं.

जेऊरहून सोलापूरच्या गाडीत बसलं की केम लागतं आणि पुढं कुर्डुवाडी. तिथं १८९७ साली बार्शी लाइट रेल्वे सुरू झाली. आपल्या या मोठ्या मार्गाच्या दोन रुळांमधलं अंतर साडेपाच फूट आणि बार्शी लाइटच्या रुळांमधलं अंतर फक्त अडीच फूट. मोठ्या गाडीचा डबा छोट्या रुळांवर जाणार कसा? मग कुर्डुवाडीला माल उतरवायचा आणि दुसऱ्या गाडीत चढवायचा. माल तोच, डबे वेगळे. आता तीही लाइन रुंद झालीय, पण माणसं गाडी बदलायला उतरायची हे गावातल्या म्हाताऱ्यांना विचारा.

आवाजाचं तसंच. पणजीची ओवी हा माल. एमपी थ्री, एएसी हे निरनिराळे डबे. आणि डीव्हीडी प्लेअर म्हणजे एकाच मापाचे रूळ. डीव्हीडीचे नियम १९९५-९६ च्या सुमारास ठरले, १९९६ च्या नोव्हेंबरात जपानमध्ये पहिले प्लेअर विकायला आले. त्या नियमांत आवाजाचे मोजकेच डबे चालतात. एक पीसीएम, म्हणजे आवाज न दाबता जसाच्या तसा. दुसरा डॉल्बी डिजिटल, त्यालाच एसी थ्री म्हणतात. तिसरा एमपी टू. (डीटीएस म्हणून आणखी एक आहे, पण तो सगळ्या प्लेअरना कळेलच असं नाही.) एमपी थ्री या यादीत नाही! एमपी टू हा एमपी थ्रीचा थोरला भाऊ, तो चालतो, धाकटा चालत नाही. मग खोक्यावर छापलेलं खोटं का? खोटं नव्हे. नुसत्या एमपी थ्री गाण्यांची तबकडी घातली तर तो प्लेअर ती वाजवतो. पण डीव्हीडी व्हिडिओच्या आत, चित्राच्या जोडीला एमपी थ्री बसवली, तर तिकडं तो ढुंकूनही बघत नाही. चित्र दाखवतो आणि गप्प बसतो.

आणि माझ्या कॉम्प्युटरवर आवाज आला तो का? कॉम्प्युटरमधलं सॉफ्टवेअर सर्वभक्षी असतं. त्याला सगळे डबे उघडता येतात, नियमात बसो न बसो. म्हणून डीव्हीडी कॉम्प्युटरवर वाजली याचा अर्थ ती टीव्हीवर वाजेल असा नाही. हे कळायला माझ्या दोन तबकड्या गेल्या.

'डॉल्बी' म्हटल्यावर तुमच्यातले काही जण हसले असतील. दुसऱ्या दिवशी वर्गात मी तबकडीची हकिकत सांगितली तेव्हा आमची सगळी चौथी ओरडली, "बाई, डॉल्बी लावणार? वर्षश्राद्धाला?" आपल्याकडं डॉल्बी म्हणजे मिरवणुकीतली ट्रॅक्टरवर रचलेली स्पीकरची भिंत, जिच्यामुळं खिडक्यांच्या काचा थरथरतात. पण डॉल्बी हे एका माणसाचं आडनाव. रे डॉल्बी हे अमेरिकन इंजिनिअर. १९६५ मध्ये त्यांनी लंडनला आपली प्रयोगशाळा सुरू केली. ते प्रसिद्ध कशामुळं झाले, माहितीय? टेपमधली खरखर कमी केली म्हणून! ज्या माणसानं नकोसा आवाज कमी केला, त्याचंच नाव आपण गोंगाटाला देऊन मोकळे झालो.

तर आता तिसरी तबकडी. डॉल्बीच्या भानगडीत पडायला नको म्हणून मी सरळ पीसीएम घ्यायचं ठरवलं. कॉम्प्युटरवर आवाजाची वेव्ह फाइल केली. ती न दाबलेलीच असते. चित्राला जोडली, तबकडी लिहिली. या वेळी टीव्हीवर आवाज आला! मुलगी टाळ्या वाजवायला लागली. पण आजीच्या कपाळाला आठ्या.

"ह्या आत्याबाई न्हाईत," ती म्हणाली. "ही कोण पोरगी गातीया?"

आणि खरंच. आवाज बारीक, चटपटीत झाला होता. जातं घाईत फिरत होतं. ओठ मागं राहत होते आणि ओवी पुढं पळत होती. शेवटी तर ओवी संपली आणि पणजी पडद्यावर मुक्यानं दळतेय.

मी घड्याळ लावलं. दहा मिनिटांचा आवाज ९ मिनिटं ११ सेकंदांत संपत होता.

आता वही-पेन्सिल घ्या, कारण इथं गणित आहे आणि ते सोपं आहे. कॉम्प्युटर आवाज कसा साठवतो? आवाज म्हणजे हवेचं हलणं. कॉम्प्युटर त्या हलण्याची उंची सेकंदाला हजारो वेळा मोजतो आणि आकडे लिहून ठेवतो. डॉक्टर तापाचा तक्ता करतात ना, सकाळी किती, दुपारी किती, तसा. फक्त इथं मोजणी फार भराभर. गाण्याच्या सीडीत सेकंदाला ४४,१०० वेळा. पणजीच्या चित्रणातला आवाजही तसाच मोजलेला होता. पण डीव्हीडी व्हिडिओचा नियम आहे ४८,०००. (पीसीएमला ९६,०००ही चालतात. ४४,१०० मात्र कुणालाच नाही.)

माझ्या सॉफ्टवेअरनं काय केलं? ४४,१०० नं मोजलेले आकडे न बदलता तसेच घेतले आणि वर लेबल लावलं ४८,०००. प्लेअर बिचारा लेबल वाचून सेकंदाला ४८,००० आकडे वाजवत सुटला. एका सेकंदाचा माल एका सेकंदाच्या आतच संपायला लागला. ४४,१०० भागिले ४८,००० करा, ०.९१८७५ येईल. त्याला ६०० सेकंदांनी गुणा. ५५१.२५ सेकंद. म्हणजे ९ मिनिटं ११ सेकंद! घड्याळ आणि गणित जुळल्यावर मला इतका आनंद झाला, की तबकडी वाया गेल्याचं दुःखच विसरले.

ज्यांच्या घरी पेटी आहे त्यांच्यासाठी आणखी एक गंमत. शाळेतल्या पेटीवर मी मोबाइलमधल्या पणजीचा सूर लावून बघितला. साधारण पांढरी चार. मग बिघडलेल्या तबकडीचा सूर शोधला, तर तो काळी तीनवर बसेना आणि पांढरी पाचवरही बसेना. बरोबर दोहोंच्या मध्ये, जिथं पट्टीच नाही! म्हणून नुसतं 'जरा चढा वाटतो' म्हणून सोडून देता येत नव्हतं. आजीचे कान कमी ऐकतात, पण चुकीचं ऐकत नाहीत.

हे ४४,१०० आणि ४८,००० असे दोन आकडे आले तरी कुठून? एकच ठरवला असता तर माझ्या तबकड्या वाचल्या नसत्या का? माणसाच्या कानाला सेकंदाला साधारण २०,००० कंपनांपर्यंत ऐकू येतं, आणि आवाज नीट पकडायचा तर त्याच्या दुपटीहून जास्त वेळा मोजावं लागतं. म्हणजे ४०,००० च्या वर काहीतरी हवं. सीडी येण्यापूर्वी आवाजाचे हे आकडे साठवायला जागा होती ती व्हिडिओ टेपची. आपल्यासारख्या देशांतल्या टीव्हीच्या पद्धतीत चित्राच्या एका पट्ट्यातल्या २९४ ओळी वापरायच्या, प्रत्येक ओळीत ३ आकडे आणि सेकंदाला ५० पट्टे. गुणाकार करा. अमेरिका-जपानच्या पद्धतीत २४५ ओळी, ३ आकडे, ६० पट्टे. तोही करा. दोन्हींचं उत्तर एकच, ४४,१००! १९८२ साली सीडी बाजारात आली ती हाच आकडा घेऊन. सिनेमा-टीव्हीवाल्यांना ४८,००० सोयीचा, कारण सिनेमात सेकंदाला २४ चित्रं, आपल्या टीव्हीत २५, आणि ४८,००० ला दोन्हींनी पूर्ण भाग जातो. ४४,१०० ला २४ नं भागून बघा, अर्धा उरतो. अर्धा आकडा कुठं ठेवणार?

आता इलाज. शनिवारी सकाळची शाळा. दुपारी मुलीला घरी बोलावलं आणि दोघींनी मिळून काम केलं. या वेळी आधी फाइलची जन्मपत्रिका बघितली. मीडियाइन्फो नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, त्यात फाइल टाकली की ती कुठल्या पद्धतीनं बांधलीय, सेकंदाला किती मोजणी, एक वाट की दोन, सगळं लिहून येतं. हे मी बुधवारीच बघायला हवं होतं. मग ऑडासिटीत आवाज उघडून मोजणी ४८,००० केली. इथं नीट लक्ष द्या. नुसतं लेबल बदलायचं नाही, तर प्रत्येक सेकंदाचे आकडे खरोखर नव्यानं काढायचे. त्याला रीसँपलिंग म्हणतात. १४७ आकड्यांच्या जागी १६० बसतात, पण सेकंद सेकंदच राहतो. (४४,१०० आणि ४८,००० दोन्हींना ३०० नं भागा, म्हणजे १४७ आणि १६० कुठून आले ते कळेल.)

मोबाइलमधला आवाज एकाच वाटेचा होता. तो दोन्ही वाटांना सारखा वाटला, नाहीतर एकाच स्पीकरमधून येतो. आणि बांधणी? पीसीएम चालली असती, पण मला मागून मुलीच्या शाळेतली चित्रणंही त्याच तबकडीवर घालायची होती, आणि पीसीएम जागा फार खातो. ४८,००० मोजण्या, प्रत्येकीला १६ बिट, दोन वाटा. तासाला जवळजवळ ६९१ एमबी. तोच तासभराचा आवाज १९२ किलोबिटच्या डॉल्बी डिजिटलमध्ये ८६ एमबीत मावतो, आठव्या हिश्शात. कसा? जे तसंही कानाला कळणार नाही ते तो गाळतो. हलगी वाजत असताना शेजारचा कुजबुजला तर ऐकू येतं का? नाही ना? मग ती कुजबुज लिहून ठेवायची कशाला, असा त्याचा हिशोब.

मुलीनं विचारलं, "बाई, मग मोबाइलमधलं पुसून टाकू का? तबकडी झालीय की."

मी तिचा हातच धरला. गाळलेलं परत येत नाही. मूळ फाइल कधी पुसायची नाही. एमपी थ्रीवरून एसी थ्री, त्यावरून पुन्हा एमपी थ्री, असं करत गेलं की दर वेळी थोडं गळतं. तिच्याकडं आणखी एक पुरावा होता. काकाच्या जुन्या बटणांच्या फोनवर टिपलेली पणजीची दोन मिनिटांची ओवी. ती सेकंदाला फक्त ८,००० मोजण्यांची, एएमआर बांधणीची निघाली. फोनवर बोलण्यापुरता आवाज. तीही मी ४८,००० वर नेली आणि ती प्लेअरवर वाजलीही, पण डबक्यातून बोलल्यासारखी. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

ओव्या जपायचं काम मोठ्या माणसांनीही केलंय, बरं का. १९८० च्या दशकात पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी जात्यावरच्या ओव्या गोळा करायला सुरुवात केली. शेकडो गावांतल्या बायकांकडून त्यांनी आणि त्यांच्या सोबत्यांनी एक लाखाहून जास्त ओव्या वहीत उतरवल्या. पुढं बर्नार्ड बेल या फ्रेंच संगणकतज्ज्ञांनी बायकांचे आवाज टेपवर घेतले. तो ठेवा २०१७ पासून पारीच्या, म्हणजे पीपल्स आर्काइव्ह ऑफ रुरल इंडियाच्या, संग्रहात सगळ्यांना ऐकता येतो. टेपवरचा आवाज आज मोबाइलवर वाजतो तो कुणीतरी दर वेळी डबे बदलले म्हणून. शहाण्यानं आपल्या आजीचं चित्रण करताना हे आत्ताच लक्षात ठेवावं, कारण आजचा मोबाइलही उद्या त्या पोटुशा टीव्हीसारखा जुना होणार आहे.

चौथी तबकडी मी घाई न करता, कमी वेगावर लिहिली आणि शेवटी 'फायनलाइझ' केली. हे केलं नाही तर बरेच प्लेअर तबकडी ओळखतच नाहीत. शनिवारी रात्री आठ वाजता मुलीच्या घरी गेलो. आजीला काही सांगितलं नाही, फक्त लावलं.

आधी जात्याची घरघर आली. मग पणजी.

आजीनं पदर डोक्यावर घेतला. रिमोट तिच्या हातात दिला तर तिनं आवाज एवढा वाढवला, की शेजारची माणसं दारात आली. दहाव्या मिनिटाला चित्रण संपलं. कुणीच काही बोलेना.

मग आजी म्हणाली, "आत्याबाईंनी एक ओवी गाळली. म्हातारपणी इसरल्या." आणि तिथंच, मांडीवर हात फिरवत, जणू जातं समोर आहे अशी, ती गाळलेली ओवी स्वतः म्हणायला लागली.

मुलीनं पटकन आईचा मोबाइल घेतला. रेकॉर्डिंगचं बटण दाबण्याआधी माझ्याकडं बघून हळूच विचारलं, "बाई, अठ्ठेचाळीस हजारावर लावू ना?"